नाव दिलेला रिकामा कप्पा

साहेब, तुम्ही घाबरट आहात. तुमच्या दारावर पितळी पाटी आहे, टेबलाला काच आहे, बाहेर बाकावर माणसं ताटकळत बसवायची सोय आहे, आणि एवढं सगळं असून तुम्ही घाबरट आहात. तुमचं पत्र मिळालं. "तांत्रिक कारणास्तव संबंधित माहिती उपलब्ध होऊ शकत नाही. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." लिफ्ट बंद पडली की गैरसोय होते. तुमच्या रुग्णालयाने माझ्या बहिणीचा आवाज घालवला, आणि तुम्ही त्याला माहिती म्हणता.

मी गाड्यांच्या सीटा शिवतो. पत्रं लिहायची सवय नाही, पण राग नीट लिहायला पदवी लागते असं कुठे ऐकलं नाही. तेव्हा पहिल्यापासून सांगतो. तुम्ही तुमच्या विभागाचे प्रमुख, पण ती कोण होती हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार.

ताई गाडी चालवायला शिकवते. शिकवायची. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून, अख्खा दिवस बोलायचं, हा तिचा धंदा. तोंडाचा पट्टा असा की शिकाऊ माणूस रस्त्याला कमी आणि तिला जास्त घाबरायचा. "आरशात बघ. स्वतःला नाही, मागच्याला." "गिअर आहे तो, चहातला चमचा नाही." "ब्रेक विकत घेतलायस का? सोड आता." लोक शिव्या खाऊन शिकायचे आणि पुढच्या वर्षी आपल्या बायकोला तिच्याकडेच पाठवायचे. दाजी गेल्यावर तिने ह्याच तोंडावर घर चालवलं आणि पोरीला शिकवलं.

मग घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले स्वरयंत्र काढावं लागेल, नाहीतर जीव जाईल. ताईने विचारलं, "दुसरा काही पर्याय?" डॉक्टर म्हणाले नाही. "मग काढा," म्हणाली, "पण माझ्या भावाला आधी सांगू नका, तो आनंदाने बेशुद्ध पडेल." मी शेजारीच बसलो होतो.

तुमच्याकडे आवाज जपायचा विभाग आहे हे आम्हाला तिथेच कळलं. ज्याचा आवाज जाणार आहे त्याने आधी येऊन वाक्यं बोलून ठेवायची. पुरेशी वाक्यं जमली की त्यांच्यावरून एक यंत्र तयार होतं. मग त्या माणसाने टाइप करायचं आणि यंत्राने त्याच्याच आवाजात बोलायचं. आम्हाला हे ऐकून बुडत्याला काडीचा आधार मिळाल्यासारखं झालं. खोटं का बोलू, तेव्हा मी तुमच्या रुग्णालयाला मनातून नमस्कार केला होता.

रेकॉर्डिंगची खोली लहान होती. भिंतींना फोम लावलेला, स्वस्तातला, कडा वेड्यावाकड्या कापलेल्या. तिथल्या मॅडमना मी म्हटलं, मी नीट लावून देतो. त्या हसल्या. आवाज शिकवणाऱ्या त्या मॅडम चांगल्या बाई आहेत, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्यांनी ताईच्या हातात छापलेली वाक्यं दिली. ताईने चष्मा चढवून पहिलं वाचलं. "कृपया मला थोडं पाणी द्याल का?" कागद खाली ठेवला.

"मॅडम, मी जन्मात कोणाला कृपया म्हटलेलं नाही. उद्या यंत्र असं बोललं तर घरातले घाबरून पळतील."

"मग तुम्ही पाणी कसं मागता?"

"मागत नाही. म्हणते, पाणी आणायला काय विहीर खणतोयस?"

मॅडमनी तेही रेकॉर्ड करून घेतलं. छापलेली वाक्यं तर झालीच, पण नंतर मॅडम म्हणाल्या की हिची स्वतःचीच वाक्यं घेऊ, आवाजाचे चढउतार त्यातच खरे येतात. मग ताई सुटली. शिकाऊ लोकांचे किस्से, मला लहानपणी दिलेल्या धमक्या, पोरीला झोपवताना म्हणायची ती बडबड, सगळं तिने त्या फोमच्या खोलीत ओतलं. काचेपलीकडे मॅडम कानाला हेडफोन लावून हसताना दिसायच्या. आम्हाला बाहेर काही ऐकू यायचं नाही. ऐकायची घाईही नव्हती. सगळं साठत होतं ना.

मॅडमनी एक अट घातली होती. घरी बोलायचं कमी. गाठीमुळे घसा लवकर दमतो, आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज यंत्राला चालत नाही. "जेवढा आवाज शिल्लक आहे तेवढा इथे आणा," म्हणाल्या. अट बरोबरच होती. पण आम्ही ती अशी पाळली, की तुरुंगातल्या पहारेकऱ्यांनी येऊन आमच्याकडून शिकावं. ताईने तोंड उघडलं की मी बोट वर करायचो. भाची म्हणायची, "आई, शू. उद्यासाठी ठेव." ताई टाळी वाजवून हाक मारायला लागली. हाताने ब्रेक दाबल्याची खूण केली की समजायचं, चहात साखर जास्त झाली.

एकदा जेवताना तिला कसली तरी आठवण होऊन हसू फुटलं. म्हणाली, "अरे बारक्या, तो शिंपी आठवतो का, माझ्याकडे शिकायला आलेला? त्याला म्हटलं उजवीकडे घे, तर त्याने..." आणि पुढे हसताहसता खोकला. भाचीने पाणी दिलं, मी म्हटलं, "बास. उद्या मॅडमकडे सांग. आम्ही मग निवांत ऐकू."

तिने खरंच दुसऱ्या दिवशी मॅडमकडे सांगितलं. शिंप्याने पुढे काय केलं ते आम्हाला अजून माहीत नाही. म्हणजे, मॅडमना शेवट आठवतो, त्यांनी सांगितलाही. पण त्या सांगतात तेव्हा तो नुसता शेवट असतो.

रेकॉर्डिंग पुरं झालं. मॅडम म्हणाल्या, भरपूर झालं, ऑपरेशनची जखम भरली की यंत्र बनवायला घेऊ. ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली. ताई जगली, ह्यासाठी तुमच्या सर्जनचे पाय धरायला मी तयार आहे. तिच्या गळ्याला भोक आहे, त्यातून ती श्वास घेते, आणि ओठ हलतात पण काही येत नाही. आम्हाला त्याचं फार वाटलं नाही. आम्ही यंत्राची वाट बघत होतो.

मग मॅडमनी बोलावलं. भाची, मी, ताई, तिघं गेलो. मॅडमच्या टेबलावर यंत्र होतं आणि मॅडमचे डोळे सुजलेले होते. म्हणाल्या, रेकॉर्डिंग सापडत नाही. मलाही आजच कळलं. दुसऱ्या कुठल्या तरी बाईचा तयार आवाज घालून देता येईल.

भाचीने फोन काढला, जुने निरोप शोधायला लागली. ताईला फोनवर बोलून निरोप ठेवायचा तिटकारा होता. एक सापडला. "अगं आले, आले, थांब," आणि त्यावर ट्रकचा हॉर्न. मॅडम म्हणाल्या, एवढ्यावर काही होत नाही.

ताईने तो ऐकला, परत लावायला लावला, आणि मग हाताने ब्रेकची खूण केली. बास म्हणून.

घरी आणलेल्या यंत्रात एक गोड बाई आहे. काहीही टाइप करा, ती आर्जव केल्यासारखं बोलते. ताईने पहिल्याच दिवशी टाइप केलं, "पाणी आणायला काय विहीर खणतोयस?" आणि ती बाई असं बोलली की जणू खरंच विहिरीची चौकशी करतेय. भाची हसायला गेली आणि उठून आत गेली. ताईने यंत्र बंद करून कपाटात टाकलं. आता पाटीवर लिहिते. शिंप्याची गोष्ट लिहून दे म्हटलं, तर लिहिलं, "लिहून काय मजा. जाऊ दे." माझ्या बहिणीने कधी कशाला जाऊ दे म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

तुमच्या बाकावर मी त्यानंतर बसायला लागलो. आत कधी मीटिंग, कधी साहेब राउंडला, कधी साहेब नुकतेच गेले. शेवटी पत्र आलं, वर लिहिलंय ते.

आणि मग एका दुपारी तुमच्याकडचा चष्मेवाला माझ्या दुकानात आला.

नाव लिहीत नाही, तुम्ही त्याच्या पोटावर पाय द्याल. तुमचे कॉम्प्युटर बघणारा, तो. स्कूटरची सीट फाटलीय म्हणाला. सीट धडधाकट होती. दुसरं गिऱ्हाईक होतं ते जाईपर्यंत तो फोमच्या गठ्ठ्यावर बसून राहिला.

"काका, तुमच्या बहिणीचं रेकॉर्डिंग माझ्या हातून गेलं," म्हणाला.

मी कात्री खाली ठेवली. हातात धरून ऐकण्यासारखं नव्हतं ते.

"कसं गेलं? चोरी झाली?"

"नाही. नीट सांगू का?"

"सीटा शिवणाऱ्याला कळेल असं सांग."

त्याने सांगितलं. आवाजाचा तो प्रोग्रॅम एका डब्यात चालतो. ह्या लोकांच्या भाषेत कंटेनर. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान त्या डब्यात बंद. नवी आवृत्ती आली की डबा दुरुस्त करत नाहीत, जुना डबा टाकतात आणि नवा आणून ठेवतात. जुन्यात जे काही साठलं असेल ते डब्याबरोबर जातं.

"मग हा काय धंदा झाला? घर बदलताना माणसं आत ठेवून घर पाडायचं?"

"म्हणून तर जपायच्या गोष्टी डब्यात ठेवायच्याच नसतात, काका. बाहेर एक वेगळा कप्पा करायचा. व्हॉल्यूम म्हणतात त्याला. त्याला नाव द्यायचं, आणि डब्याला सांगायचं की अमुक फोल्डर म्हणजे तुझा नाही, तो ह्या नावाच्या कप्प्यात उघडतो. मग डबे किती का बदला, नव्या डब्याला तेच नाव सांगितलं की आतलं सगळं जिथल्या तिथे."

"आणि तू कप्पा केला नाहीस."

"केला होता." त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "नावसुद्धा दिलं होतं. आवाज-जतन. पण जोडला चुकीच्या फोल्डरला. प्रोग्रॅम रेकॉर्डिंग टाकत होता शेजारच्या फोल्डरमध्ये, म्हणजे डब्यातच. कप्पा पहिल्या दिवसापासून रिकामा."

"आणि कोणी उघडून बघितलं नाही?"

"मी तपासलं होतं. डबा बंद केला, चालू केला, रेकॉर्डिंग जागेवर होती. मला वाटलं कप्पा काम करतोय. पण नुसता बंद करून चालू केला तर तोच डबा परत उठतो, आतलं जात नाही. टाकून नवा ठेवून बघायला हवा होता. ते नाही केलं."

"आणि दुसरी प्रत? एवढ्या मोठ्या रुग्णालयात दुसरी प्रत नाही?"

तो हसला, म्हणजे तोंड तसं झालं. "रोज निघायची. कप्प्याची. रिकाम्या कप्प्याची प्रत रोज निघायची आणि रोज मला निरोप यायचा, प्रत यशस्वी."

साहेब, इथपर्यंत ऐकून मला त्याचा राग यायला हवा होता. थोडा आलाच. पण मी सुद्धा एकदा एका बसच्या सगळ्या सीटा उलट्या अस्तराने शिवल्यात. कापड बघितलं होतं, हात फिरवून बघितलं होतं, फक्त उलटून बघितलं नव्हतं. माणूस ज्या गोष्टीची खात्री आहे तीच तपासतो. ज्याची चूक झाली तो माझ्या फोमवर बसून सांगत होता, आणि त्याला कोणी पाठवलं नव्हतं. मी त्याला चहा मागवला.

चहा घेताना सहज विचारायचं म्हणून विचारलं.

"कधी बदललास तो डबा?"

त्याने कप खाली ठेवला.

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. सकाळी."

"आणि गेलं हे कळलं कधी?"

"त्याच दिवशी. जेवणाच्या सुट्टीच्या आधी."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय ते. मग हळूहळू कळलं. त्याला मी परत विचारलं, आणि त्याने परत तेच सांगितलं.

आता त्या दुपारची आमची बाजू सांगतो, कारण तुमची तुम्हाला माहीत आहे.

ताईला त्या दिवशी सकाळीच दाखल करून घेतलं होतं. दुसऱ्या मजल्यावरचा वॉर्ड, खिडकीशेजारची खाट. तुमचं ऑफिस त्याच इमारतीत, तळाला. दुपारी भेटीची वेळ सुरू झाली, आम्ही दोघं गेलो. ताई उशी पाठीशी घेऊन बसली होती आणि तिला बोलायचं होतं. अगदी उतू जात होतं. समोरच्या खाटेवरची बाई कशी घोरते, डॉक्टर कसा घड्याळाकडे बघत बोलतो. जाणाऱ्या एका नर्सकडे बोट करून म्हणाली, "चालते कशी बघ. क्लच न दाबता गिअर टाकल्यासारखी." आवाज घोगरा होता, मध्येच तुटत होता, प्रत्येक वाक्यानंतर तिचा हात गळ्याकडे जात होता. दुखत होतं तिला.

मी म्हटलं, "ताई, कशाला घशाला ताण देतेस? सगळं जमा आहे मॅडमकडे."

"अरे पण ते यंत्राला सांगितलं. तुम्हाला कुठे सांगितलंय?"

"यंत्र सांगेल की आम्हाला."

"माझं तोंड बंद करायला जन्मभर टपला होतास," म्हणाली. मग भाचीकडे वळली. "पोरी, तू लहान असताना एकदा गाडीत..."

भाचीने तिच्या ओठांवर बोट ठेवलं. प्रेमानेच ठेवलं. म्हणाली, "आई, आता नको ना. दुखतंय तुला. नंतर हवं तेवढं बोल."

ताईने तिचं बोट बाजूला केलं, तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाली. "बसते गप्प."

आणि बसली. भेटीची वेळ संपेपर्यंत बसली. भाचीने तिचे केस विंचरले, मी खिडकीतून खाली लागलेल्या गाड्या मोजल्या. आम्हाला त्या शांततेचं कौतुक वाटत होतं, की बघा, आपण किती शहाणपणाने वागतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचायच्या आधीच तिला ऑपरेशनला आत नेलं होतं.

भाची आता ते बोट कुठे ठेवावं हे न कळल्यासारखी वागते. जेवताना मुठीत धरते. मी तिला सांगितलं की तुझी काय चूक, तुला काय माहीत होतं. ती म्हणाली, "मामा, मला माहीत नव्हतं हे मला माहीत आहे."

ती अख्खी दुपार आमच्याकडे होती, साहेब. भाचीच्या पर्समध्ये फोन होता, तुमच्या मॅडम वर जिन्यापलीकडे होत्या, मोकळी खोली होती. घसा फाटो, दुखो, जेवढं येईल तेवढं तिने दिलं असतं. यंत्र नसतं झालं तर नसतं झालं. आम्ही तिला गप्प तरी बसवलं नसतं. त्या शिंप्याने काय केलं ते तिच्या तोंडून ऐकलं असतं. पोरीला गाडीत काय झालं होतं ते कळलं असतं.

चष्मेवाल्याने मला पुढचंही सांगितलं. तो तुमच्याकडे आला. घाम फुटलेला, सरळ म्हणाला की रेकॉर्डिंग गेली, आणि त्यातल्या एका पेशंटचं उद्या ऑपरेशन आहे, ती वर वॉर्डातच आहे, मी जाऊन सांगतो. तुम्ही म्हणालात, "ऑपरेशनच्या तोंडावर पेशंटला ताण द्यायचा नसतो. नातेवाईक गोंधळ घालतील. तू जागेवर जा. मी बघतो."

त्याने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तुम्ही तेच म्हणालात. तो जागेवर गेला, आणि त्याबद्दल तो स्वतःला जे म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ताण. तुम्ही माझ्या बहिणीला ओळखत नव्हता. ती रोज भर रस्त्यात अशा माणसांच्या शेजारी बसायची ज्यांना ब्रेक आणि ॲक्सिलरेटर ह्यांतला फरक माहीत नसायचा. तुम्ही येऊन सांगितलं असतं तर तिने तुमचा उद्धार केला असता, पाणी प्यायली असती, आणि बोलायला बसली असती. तुम्हाला तिच्या ताणाची पडली नव्हती. तुम्हाला तुमच्या अंगावर येणाऱ्या शिव्यांची पडली होती, आणि त्या तुम्ही अशा चुकवल्यात की आता त्या द्यायला तिच्याकडे आवाज नाही.

हे सगळं मी ताईला सांगितलं. भाची नको म्हणत होती. पण आधी न सांगून काय झालं ते आम्ही बघितलंय. ताईने ऐकून घेतलं. पाटी मांडीवर घेतली आणि लिहिलं, "त्याला विचार." एवढंच. पुसलं नाही, तसंच माझ्या हातात दिलं.

म्हणून विचारतो. मला तुमचं दुसरं पत्र नको, समिती नको, चष्मेवाल्याची नोकरी घालवून केलेला न्याय तर मुळीच नको. चूक त्याची झाली आणि त्याने ती येऊन सांगितली. मला त्या एका दुपारचं सांगा. "मी बघतो" म्हणालात, तेव्हापासून भेटीची वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत तुम्ही काय बघत होतात? जिना चढून वर का आला नाहीत? आमच्या घरी या आणि ताईसमोर बसून सांगा. तिला ऐकायला उत्तम येतं.